गुहेतील अंधार आणि करस्थलीचे लिंग



चैत्री पौर्णिमा ही वैराग्यनिधी शिवशरणी अक्कमहादेवी यांच्या जयंतीची तिथी. ती जवळ आली की अनेक सद्भक्त एक प्रश्न हमखास विचारतात. "श्रीशैलला जाऊन अक्कांची गुहा पाहून यावी म्हणतो. पण इष्टलिंग धारण करणाऱ्याने तीर्थयात्रा करावी का?"

प्रश्न रास्त आहे. महात्मा बसवेश्वरांनी देहालाच देवालय मानायला शिकविले. स्थावर नाशवंत आणि जंगम अविनाशी, असा निवाडा दिला. गुरूने करस्थली दिलेले लिंग सोडून अन्य देवाच्या दारी जाणे शरणमार्गात बसत नाही. असे असताना डोंगरातल्या एका गुहेसाठी इतका प्रवास कशाला? या प्रश्नाला पुराणाच्या आसनावर बसून उत्तर देणे सोपे असते. प्रस्तुत लेखकाने ते वर्षानुवर्षे दिलेही आहे. आज जे सांगावयाचे आहे ते मात्र आसनावरून उतरल्यावर शिकलेले आहे. तेव्हा थोडा वेळ माझ्याबरोबर चला.

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील पंचवीस-तीस भक्तमंडळी आम्ही एकत्र निघालो. पहिला मुक्काम कूडलसंगमास केला. येथे मलप्रभा कृष्णेला मिळते. बसवण्णांचे ऐक्यस्थळ नदीच्या पाण्यातच आहे. नारायणपूर धरणाचे पाणी मागे पसरू लागले तेव्हा ऐक्यमंटपाभोवती विहिरीसारखा गोल कठडा बांधून ते सुरक्षित ठेवण्यात आले. आज आपण पायऱ्या उतरून खाली जातो आणि पाणी आपल्या डोक्याच्या वर, भिंतीपलीकडे असते. तेथून रायचूर, कर्नूल, आत्मकूर, दोर्नाळ असा रस्ता. आत्मकूरच्या पुढे नल्लमल्ल डोंगराचे अरण्य सुरू होते. हे व्याघ्र प्रकल्पाचे रान असल्याने रात्री येथून वाहने सोडत नाहीत. हैदराबादच्या वाचकांना दुसऱ्या बाजूने, अमराबादच्या जंगलातून यावे लागते. तिकडेही हाच नियम आहे.

श्रीशैल म्हणजे बारा ज्योतिर्लिंगांतील मल्लिकार्जुनाचे स्थान. युगादीला आपल्या भागातून हजारो भक्त पायी चालत तेथे जातात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण अक्कांची गुहा गावात नाही. देवळाकडून कृष्णेच्या पात्रापर्यंत शेकडो पायऱ्या उतराव्या लागतात. आता रज्जुमार्गही झाला आहे. या घाटाला पाताळगंगा म्हणतात. नाव किती यथार्थ आहे ते वरून खाली डोकावल्यावर कळते. तेथून नावेत बसून, प्रवाहाच्या उलट दिशेने, तासाभराहून अधिक वेळ जावे लागते. दोन्ही बाजूंना उभे कडे आणि दाट झाडी. वस्तीची खूण नाही. आपल्या मराठी मुलुखातील दत्तभक्त ज्या कर्दळीवनाच्या यात्रेला जातात, त्यांचीही वाट याच पाण्यावरून सुरू होते.

नाव चालू असताना मी भक्तांना म्हटले, "हे पाणी नीट पाहून घ्या. हे परके नाही." तुम्हीही क्षणभर विचार करा. खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगवलेली मलप्रभा या पाण्यात आहे. घटप्रभा, हिरण्यकेशी, दूधगंगा, वेदगंगा, पंचगंगा आहेत. पंढरपूरची भीमा रायचूरच्या अलीकडे कृष्णेला मिळून येथवर आली आहे. आणि अक्कांचे जन्मगाव उडुतडी ज्या शिकारीपूर तालुक्यात आहे, तेथील कुमुद्वतीही तुंगभद्रेच्या ओटीतून येथे पोहोचते. अक्कांनी माहेर सोडले, राजवाडा सोडला, अंगावरचे वस्त्रही सोडले. पण माहेरचे पाणी मात्र त्यांच्या गुहेखालून वाहत राहिले. ज्याने सर्व सोडले त्याला सर्व कसे भेटत राहते, याचे याहून बोलके चित्र मला दुसरीकडे दिसले नाही.

आज हे पाणी शांत दिसते, कारण खाली श्रीशैलचे धरण आहे. 1963 साली त्याची कोनशिला बसली आणि 1980 च्या दशकाच्या प्रारंभी जलाशय भरू लागला. त्यापूर्वी येथे खोल घळईतून खडकांवर आदळत जाणारी रानटी नदी होती. अक्कांनी पाहिली ती ही नदी. अजूनही तिचा स्वभाव गेलेला नाही. ऑक्टोबर 2009 च्या महापुरात जलाशयाची 885 फुटांची ठरलेली मर्यादा ओलांडून पाणी वर चढले होते. मनाचेही असेच असते, भक्तहो. नियमांचा बांध घातला की ते शांत दिसते. त्या शांतपणाला आपण साधना समजतो. पूर आल्यावर खरे काय ते कळते.

आमच्यात सत्तरीच्या पुढच्या एक अव्वा होत्या. नावेत त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. बराच वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, "अप्पाजी, एक विचारू काय? पुराणात तुम्हीच सांगता, देवळांच्या मागं धावू नका, गळ्यातला देव पुरे म्हणून. मग आमाला एवढ्या लांब कशाला आणलासा?"

आजूबाजूची मंडळी हसली. मीही हसलो आणि म्हटले, "अव्वा, वर गेल्यावर सांगतो." खरे सांगायचे तर त्या वेळी माझ्याजवळ उत्तर तयार होते. संतांच्या वास्तव्याने भूमी पावन होते, आपण दगडाला नव्हे तर अनुभावाला नमन करण्यास जातो, वगैरे. उत्तर चुकीचे नव्हते. पण ते माझे नव्हते, ऐकीव होते.

नाव लागते तेथून चढून गेल्यावर गुहेचे प्रांगण येते. समोर नैसर्गिक दगडाची एक प्रचंड कमान, कोणताही खांब नसताना उभी आहे. माणसाने एक चिराही रचलेला नाही. तिच्या सावलीत उभे राहिले की बोलणे आपोआप खालच्या आवाजात होते. आत गेल्यावर गुहा अरुंद होत जाते आणि शेवटी एक लांब बोळ लागतो. कोठे वाकून, कोठे आडवे होऊन सरकत जावे लागते. उजेड मुळीच नाही. या बोळाच्या टोकाशी शिवलिंग आहे. अक्कांनी येथेच तप केले आणि पुढे कदळीच्या वनात त्या चन्नमल्लिकार्जुनाशी समरस झाल्या, असे परंपरा सांगते.

येथे थांबून अक्कांच्या जीवनाकडे पाहू. बाराव्या शतकात निर्मलशेट्टी आणि सुमती यांच्या पोटी जन्मलेली ही कन्या. राजा कौशिकाचे वैभव तिने नाकारले. उडुतडीहून कल्याणला ती एकटी चालत गेली. अनुभवमंटपात अल्लमप्रभूंनी तिचे स्वागत फुलांनी केले नाही, प्रश्नांनी केले. देहाची लाज सोडलीस म्हणतेस, मग केसांनी देह का झाकलास, या अर्थाचा कठोर प्रश्न त्यांनी भर सभेत विचारला. ते झाकणे स्वतःसाठी नसून पाहणाऱ्यांना क्लेश होऊ नयेत म्हणून आहे, असा तिचा निर्वाळा होता. सभा नतमस्तक झाली. वयाने लहान असून ती सर्वांची 'अक्का' झाली. म्हणजे थोरली बहीण.

एवढा मान मिळाल्यावर माणूस काय करतो? तेथेच राहतो. कल्याणात बसवण्णा होते, चन्नबसवण्णा होते, शरणांचा सहवास होता. अक्का मात्र तेथून निघाल्या. आजच्या बसवकल्याणहून हैदराबादमार्गे श्रीशैल साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. ते अंतर त्या काळी, त्या अरण्यातून, एका स्त्रीने पार केले. का? कल्याणातील शरणांनी आपली परीक्षा घेतली, पण ती प्रकाशात घेतली, चार लोकांच्या साक्षीने घेतली. जेथे पाहणारा कोणी नाही, वाहवा करणारा कोणी नाही, तेथेही आपण तशाच आहोत का, हे अक्कांना पाहावयाचे असावे असे मला वाटते. षट्स्थलात 'शरण' ही पायरी सर्वांच्या देखत चढता येते. 'ऐक्य' या पायरीवर दुसरा कोणी असूच शकत नाही.

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगण्यात मला भूषण नाही.

मंडळींतील तरुण पुढे निघाले. नावेबरोबर आलेला एक स्थानिक मुलगा हातात बॅटरी घेऊन वाट दाखवीत होता. मी मध्ये होतो. बोळ जेथे फार अरुंद होतो तेथे पुढचे लोक वळणाआड गेले आणि मागचे अजून आले नव्हते. त्याच वेळी माझ्या हातातली बॅटरी खडकाला लागून विझली. दोन-चार वेळा आपटून पाहिली, पण ती लागेना. डोळ्यांसमोर हात धरला तर दिसत नव्हता. छाती आणि पाठ दोन्हीकडे दगड. श्वास जोरात चालू झाला. अंगाला घाम सुटला. आणि मी ओरडलो, "अरे, उजेड आणा!"

सद्भक्तहो, त्या क्षणी माझ्या मुखातून षडक्षरी मंत्र आला नाही. गुरूचे नाव आले नाही. माझा हात गळ्यातील इष्टलिंगाकडे गेला नाही. ज्या लिंगाविषयी मी इतकी वर्षे बोललो, जे प्राणापेक्षा जवळचे म्हणून तुम्हाला समजावून सांगितले, ते माझ्या छातीवर, माझ्या धडधडत्या काळजापासून चार बोटांवर होते. आणि मी बॅटरी शोधत होतो.

पुढचा मुलगा परत येईपर्यंत दोन-तीन मिनिटे गेली असतील. त्यातील पहिले मिनिट भयात गेले. मग मला माझीच लाज वाटली. मी हात वर नेला, वस्त्रात गुंडाळलेले लिंग मुठीत धरले आणि डोळे मिटले. बाहेर अंधार असताना डोळे मिटण्याची गरज नव्हती, पण सवयीने मिटले. हळूहळू श्वास ठिकाणावर आला. काही दिव्य प्रकाश दिसला असे मी सांगणार नाही. जे घडले नाही ते सांगणे हा शरणधर्म नव्हे. एवढेच झाले की भीती होती तेथेच राहिली आणि मी तिच्याबरोबर उभा राहू शकलो. मुलगा आल्यावर मी पुढे गेलो, टोकाचे लिंग पाहिले, नमस्कार केला आणि परतलो. पण माझी यात्रा तेथवर जाण्यापूर्वीच घडून गेली होती.

बाहेर आलो. अव्वा आत आल्याच नव्हत्या. गुडघ्यांमुळे त्यांना वाकता येत नव्हते. कमानीच्या सावलीत एका सपाट दगडावर त्या बसल्या होत्या. बरोबर आणलेल्या तांब्यात नदीचे पाणी होते. कपाळी विभूती, डाव्या तळहातावर इष्टलिंग, नजर त्यावर स्थिर. माणसे येत होती, जात होती, फोटो काढत होती, एकमेकांना हाका मारत होती. त्यांना कशाचेच भान नव्हते. मी तेथेच थोड्या अंतरावर बसलो. पूजा आटोपून, करुणोदक घेऊन, लिंग वस्त्रात ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "आत देव दिसला काय, अप्पाजी?"

मी म्हटले, "अव्वा, आत मी दिसलो. देव तुमच्या हातावर होता."

त्या म्हणाल्या, "मग घरला सुद्धा हाच की. एवढं खरं, की इथं बसल्यावर अक्काची आठवण आली. बिचारी एकटीच बसत असंल." आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

वाचकहो, यात्रा करावी का या प्रश्नाचे उत्तर अव्वांनी तीन वाक्यांत दिले. देव आणण्यासाठी तेथे जाऊ नये, तो गुरूने घरीच दिलेला आहे. पण ज्या माउलीने आपल्या आधी ही वाट चालून दाखविली, तिची आठवण काळजाला भिडावी म्हणून जाण्यास हरकत नाही. आणि गेल्यावर आपण जे लिंग गळ्यात वागवितो ते खरोखर आपले झाले आहे काय, एवढे तपासून पाहावे. अक्कांनी 'कदळी' हा शब्द झाडांच्या रानापुरता ठेवला नाही. देह, मन आणि विषय यांच्या घनदाट रानालाच त्यांनी ते नाव दिले आणि ते जिंकल्यावर शिव भेटला असे सांगितले. मग त्या रानाला जाण्यासाठी नाव लागत नाही. ते आपल्या घराच्या उंबऱ्याच्या आतच सुरू होते.

काही भगिनी विचारतील, "मग अक्कांसारखे घर सोडावे काय?" त्यांना मी याच श्रीशैलची दुसरी कथा सांगेन. सोन्नलिगेचा, म्हणजे आजच्या सोलापूरचा, बाल सिद्धराम शेतात असताना मल्लय्या नावाचा जंगम त्याला भेटला. त्याच्यासाठी खायला आणण्यास मुलगा घरी धावला. परत येतो तो जंगम नाहीसा झालेला. "मल्लय्या, मल्लय्या" म्हणून आक्रंदत तो यात्रेकरूंबरोबर श्रीशैलला आला. देवळातील लिंग दाखविले तरी त्याचे समाधान होईना. शेवटी तो कड्यावरून उडी घेण्यास निघाला. तेव्हा मल्लिकार्जुनाने त्याला सावरले आणि सांगितले, परत जा, तुझ्या गावी लोकांसाठी काम कर. सिद्धराम परतले. त्यांनी तळे खोदविले, ज्याच्या मधोमध आज सिद्धेश्वराचे मंदिर आहे. सोलापूरभोवती अडुसष्ट लिंगे स्थापिली असेही परंपरा सांगते. पण एवढी स्थावरलिंगे स्थापणाऱ्या या कर्मयोग्यानेही पुढे कल्याणला येऊन चन्नबसवण्णांच्या हस्ते इष्टलिंग धारण केले आणि ते शून्यपीठाचे अधिकारी झाले.

पाहा, एकाच पर्वताने दोघांना दोन आज्ञा केल्या. अक्कांना ठेवून घेतले, सिद्धरामांना परत पाठविले. दोघेही शिवास पावले. तुम्हा-आम्हा बहुतेकांच्या वाट्याला सिद्धरामांची आज्ञा आली आहे. परत जा. संसार, शेत, दुकान, कचेरी, मुलांचे शिक्षण, म्हाताऱ्या सासूचे औषध, हेच आपले कायक आणि हाच आपला दासोह. मात्र त्या गर्दीतही रोज काही क्षण अक्कांच्या गुहेत शिरता आले पाहिजे.

ते कसे? एक साधा नेम सांगतो. पहाटेची लिंगपूजा आपण सर्व करतो. घरातले दिवे चालू असतात, स्वयंपाकघरातून आवाज येत असतो, लक्ष अर्धे घड्याळाकडे असते. ती पूजा सोडू नका. पण तिच्या जोडीला आठवड्यातून एकदा, रात्री सर्व निजल्यावर, दिवा मालवून, इष्टलिंग तळहातावर घेऊन पाच मिनिटे बसा. कोणी पाहत नाही. तुम्हालाही काही दिसत नाही. फक्त तळहाताला त्याचा स्पर्श कळतो. मन कोठे धावते ते पाहा. उद्याच्या हप्त्याकडे, भावाबरोबरच्या वाटणीच्या भांडणाकडे, डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासणीकडे ते धावेल. धावू द्या आणि परत हातावर आणा. कधीतरी तुमच्याही आयुष्यात बॅटरी विझणार आहे. रुग्णालयाच्या ओसरीत असेल, नोकरी सुटल्याच्या दिवशी असेल, शेवटच्या श्वासाला असेल. त्या वेळी हात कोठे जाईल, हे आजच्या सवयीवर अवलंबून आहे. माझा हात कोठे गेला ते मी सांगितलेच आहे.

तरीही ज्यांना श्रीशैलला जावयाचे असेल त्यांनी अवश्य जावे. पाणी चढलेले असताना नावा बंद असतात, म्हणून आधी चौकशी करावी. बॅटऱ्या दोन न्याव्यात. वृद्धांनी आत शिरण्याचा हट्ट धरू नये. कमानीखालचा दगडही तितकाच पवित्र आहे. प्लास्टिक, नारळाच्या कवट्या, उदबत्त्यांची पाकिटे तेथे टाकू नयेत. ज्या माउलीने सर्व सोडले तिच्या अंगणात आपण कचरा सोडून येणे शोभत नाही. आणि परत निघताना घटकाभर नदीकडे तोंड करून बसावे. ते पाणी तुमच्या गावावरून आलेले आहे. घरी गेल्यावर विहिरीच्या, नळाच्या पाण्याने लिंगाला अभिषेक कराल, तेव्हा हेच पाणी अक्कांच्या गुहेकडे निघाले आहे याचे स्मरण ठेवावे.

परतीच्या नावेत अव्वा पुन्हा शेजारी बसल्या होत्या. "वर गेल्यावर सांगतो म्हणाला होतासा," त्यांनी आठवण करून दिली. मी हात जोडले. तयार ठेवलेले ते उत्तर मला पुढे कधी देववले नाही.

अक्कमहादेवींच्या कृपेने आपणां सर्वांचा हात योग्य वेळी योग्य जागी जावो.

शरणु शरणार्थी.